जुना डेस्कटॉप: आधी एसएसडी की आधी रॅम? (छापखान्यातले दोन संगणक)

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी,

कराडजवळ आमचा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले ही बारमाही कामे. पावसाळा लागला की पतसंस्था, सोसायट्या, दूधसंस्था यांचे वार्षिक अहवाल येतात. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे त्याआधीचे दोन-अडीच महिने आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत दोन संगणकांचे काहीतरी करायचे आहे, म्हणून हा धागा.

पहिला डीटीपीचा, म्हणजे छपाईची पाने जुळवायचा. २०१२ साली असेंबल करून घेतलेला. कोअर आय३-२१२०, एच६१ चिपसेटचा बोर्ड, २-२ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. त्यावर पेजमेकर ७, कोरल ड्रॉ आणि मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर. सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे घेतो आणि सुरू झाल्यावरही डिस्कचा लाल दिवा विझत नाही. फोटो असलेले पान सेव्ह करायला टाकले की पेजमेकरची खिडकी पांढरी पडते, आणि गिऱ्हाईक शेजारच्या स्टुलावर घड्याळ बघत बसलेले असते.

दुसरा २०१५ चा. कोअर आय५-४४६०, एच८१ बोर्ड, ४ जीबीची एकच रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले मजकूर, पीडीएफ, जीएसटी, सगळे त्याच्यावर. ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की गुदमरतो.

इथल्या दुकानदाराचे म्हणणे, दोन्ही भंगारात काढा. मला ते पटत नाही, पण कुठून सुरुवात करावी तेही कळत नाही. रॅम (चालू कामापुरती स्मृती) वाढवू की हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) टाकू? जाणकारांनी कृपया सांगावे.

सह्यकडा

खिळेजुळारी, तुमच्या प्रश्नाआधी माझे दोन प्रश्न.

एक, डीटीपीच्या संगणकावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारे छोटे मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींपुढचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे लिहा. वरच्या कोपऱ्यात निळे 'गुड' आहे की पिवळे 'कॉशन', तेही सांगा.

दोन, विंडोज ७ हे ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे? 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज. तिथे रॅमच्या आकड्यापुढे कंसात 'युजेबल' म्हणून किती लिहिले आहे?

ही उत्तरे येईपर्यंत त्या यंत्रावर नवीन काही इन्स्टॉल करू नका आणि डीफ्रॅग (डिस्कवरच्या फाइल्सची फेरमांडणी) चुकूनही चालवू नका. अहवालांच्या चालू फाइल्स आजच पेनड्राइव्हवर घ्या. दिवा सतत पेटलेला असणे आणि सेव्ह करताना अडकणे ही नुसत्या म्हातारपणाची लक्षणे नसतात, डिस्क जायला आली की ती अशीच वागते.

बाभूळवन

मी थोडे वेगळे मत मांडतो. चौदा वर्षांच्या बोर्डावर पैसे का घालायचे? एसएसडी टाकली, रॅम टाकली, आणि पुढच्या वर्षी बोर्डवरचा कपॅसिटर फुगला तर? शिवाय विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. तुमचे दोन्ही प्रोसेसर, दुसऱ्या आणि चौथ्या पिढीचे, त्यात बसत नाहीत. धंद्याचे यंत्र आहे, घरच्यासारखे चालवून चालत नाही. ऑफिसांतून निघालेला आठव्या-नवव्या पिढीचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्या आणि निर्धास्त व्हा.

खिळेजुळारी

सह्यकडा, बघितले. पिवळा 'कॉशन' आहे. ०५ पुढे बरीच शून्ये आणि शेवटी ३०. सी५ पुढे शेवटी १८. सी६ आणि सी७ शून्य. विंडोज ३२ बिट, आणि ४ जीबीपुढे कंसात ३.२४ जीबी युजेबल असे आहे.

बाभूळवन, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. पण हा संगणक मला सहजी बदलता येत नाही. मराठीच्या सॉफ्टवेअरचे डोंगल (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली) पॅरलल पोर्टला लागते, मागे प्रिंटरची रुंद पंचवीस पिनांची जागा असते ना, तिथे. त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो. आणि २०१२ पासूनचे सगळे अहवाल त्याच फॉन्टमध्ये आहेत. संस्थेचा सचिव येतो आणि म्हणतो, 'मागच्या वर्षीचाच काढा, ताळेबंदाचे आकडे आणि संचालकांची दोन नावे बदला.' मागची फाइल उघडली तर ते काम एका दुपारचे. तोच मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर रफार आणि जोडाक्षरे विस्कटतात, मग ६४ पानांचा अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. नवे काम युनिकोडमध्ये करायला मुलाने सुरुवात केली आहे, पण जुने सोडता येत नाही.

सह्यकडा

आता चित्र स्पष्ट झाले. सविस्तर लिहितो.

आधी ते आकडे. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ सेटिंगमध्ये आकडे सोळाच्या पायावर दाखवते. म्हणजे ३० हे आपले ४८ आणि १८ हे आपले २४. ०५ म्हणजे डिस्कने खराब म्हणून बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव वापरलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचायला गेल्यावर जे वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे असे सेक्टर. काळजी या दुसऱ्याची करा. कुठली तरी फाइल आत्ता, या घडीला, अर्धवट वाचली जाते आहे. डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते, तेवढा वेळ विंडोज वाट बघते, आणि तुमचा पेजमेकर पांढरा पडतो. सी७ शून्य आहे हे चांगले. तो वाढत असता तर आधी केबलवर संशय घेतला असता.

रॅमचे उत्तर सोपे आहे. पहिल्या संगणकाला रॅम घेऊ नका. ३२ बिटच्या विंडोज ७ ला एकूण ४ जीबीचेच पत्ते देता येतात, आणि त्यातले काही ग्राफिक्स आणि बाकीच्या हार्डवेअरकडे जातात. म्हणून ३.२४. तिथे ८ जीबी बसवली तरी आकडा फारसा हलणार नाही. ६४ बिट करायचे तर डोंगल बंद. तेव्हा तो विषय मिटला.

एसएसडी मात्र नक्की घ्या. फरक कुठून पडतो ते सांगतो, कारण दुकानात फक्त 'वेग ५५० एमबी' एवढेच सांगतात. तुमची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४ मिलिसेकंद. त्याआधी डोके योग्य रेघेवर न्यायला आणखी आठ-नऊ. विखुरलेल्या लहान फाइल्स वाचताना सेकंदाला जेमतेम ७५-८० वाचने होतात. ४ केबीचा एक तुकडा धरला तर सेकंदाला ३०० केबी. विंडोज सुरू होताना, फॉन्ट लोड होताना असेच हजारो तुकडे वाचले जातात. साध्यातल्या साध्या एसएसडीला तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात सापडतो.

एच६१ ला साटाचा (डिस्क जोडायच्या जागेचा) जुना ३ गिगाबिटचाच वेग मिळतो, म्हणजे जास्तीत जास्त ३०० एमबीच्या आत. एसएसडीचे ५५० मिळणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, वर सांगितलेला लहान तुकड्यांचा फायदा जवळजवळ पुरता मिळतो. एनव्हीएमई कार्डाच्या (बोर्डाच्या खाचेत बसणाऱ्या एसएसडीच्या) नादी लागू नका. या काळातल्या बोर्डांचा बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) त्यावरून बूट होत नाही, बायोस बदलण्याचे उद्योग धंद्याच्या यंत्रावर नकोत.

आता क्रम. डिस्क आजारी असल्याने थेट क्लोन (हुबेहूब नक्कल) करू नका. नेहमीची क्लोनची सॉफ्टवेअरे खराब सेक्टरला अडकतात किंवा मध्येच सोडून देतात. आधी सिस्टिमरेस्क्यूचा (विंडोजशिवाय संगणक सुरू करून दुरुस्ती करायच्या मोफत सॉफ्टवेअरचा) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि डीडीरेस्क्यूने जुन्या डिस्कची नक्कल एका चांगल्या १ टीबी डिस्कवर घ्या. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग भराभर उचलते, अडलेल्या जागा मागे ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे परत जाते. मॅप फाइल (कुठवर वाचले याची नोंद) जरूर ठेवा, वीज गेली तर तिथूनच पुढे सुरू करता येते. यूपीएसवर लावा. आणि कुठली डिस्क स्रोत, कुठली लक्ष्य, हे अनुक्रमांक वाचून ठरवा. डिस्कवरच्या लेबलवरचा अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या आणि पडद्यावरच्याशी जुळवा. ही अदलाबदल झाली तर तेरा-चौदा वर्षांचे काम पुसले जाईल.

सोल्डरगन

सह्यकडा यांच्या प्रत्येक शब्दाला +१. मी पुण्यात दुरुस्तीचे काम करतो, सुटे भाग बहुतेक तपकीर गल्लीतून आणतो. दोन भर घालतो.

एसएसडी ५०० किंवा ५१२ जीबीचीच घ्या. ४८० ची स्वस्त दिसते, पण ५०० च्या डिस्कची सरळ नक्कल तिच्यावर मावत नाही. मग पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आखडावे लागते, आणि आजारी डिस्कवर पार्टिशन आखडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. फार लिहिल्याने एसएसडी झिजते ही भीतीही काढून टाका. क्रुशल बीएक्स५०० च्या २४० जीबीवाल्या साध्या मॉडेललाही कंपनी ८० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा देते. रोज २० जीबी लिहिले तरी ती अकरा वर्षे पुरते, आणि छापखान्यात रोज २० जीबी कुणी लिहीत नाही.

दुसऱ्या संगणकाला रॅम हवीच. ४ जीबीत विंडोज १० आणि ब्राउझर म्हटले की मागे डिस्कवर पेजफाइलची (रॅममध्ये न मावलेला मजकूर ठेवायच्या फाइलची) ये-जा अखंड सुरू राहते. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख बघा, टॅब बदलला की उभा चढेल. एच८१ ला दोनच खाचा, प्रत्येकी ८ जीबी, एकूण १६.

डीडीआर३ आता बहुतेक जुन्या बाजारातच मिळते, तेव्हा घेताना हे बघा. डेस्कटॉपची लांब स्टिक हवी, २४० पिनांची. लॅपटॉपची आखूड बसत नाही, आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते. जबरदस्ती केली तर स्लॉट मोडतो. सर्व्हरमधून निघालेली 'रजिस्टर्ड ईसीसी' रॅम स्वस्त मिळते, लेबलवर शेवटी 'आर' असतो. ती या बोर्डांवर चालत नाही. तिसरा प्रकार ऑनलाइन फार दिसतो, ८ जीबीची अगदी स्वस्त स्टिक आणि वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरात 'फक्त एएमडीसाठी'. तिच्यावरच्या चिप्सची रचना इंटेलच्या या जुन्या चिपसेटना ओळखता येत नाही. एक तर बीप वाजतात किंवा अर्धीच रॅम दिसते. दुकानदाराकडून 'इंटेल बोर्डावर चालली नाही तर परत' असे बिलावर लिहून घ्या.

आणि हो, २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव डेटा सेंटरच्या मागणीमुळे खूप चढले आहेत. बाभूळवन म्हणतात तसा नवा संगणक घ्यायचा तर तो भारही तुमच्यावर येतो. निदान यंदा तरी जुन्यातच भागवा असे मी म्हणेन.

बाभूळवन

डोंगलची अडचण माहीत नव्हती. तसे असेल तर पहिल्याबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो. पण क्लोनला माझा विरोध आहे. चौदा वर्षांचा कचरा जसाच्या तसा नव्या एसएसडीवर का न्यायचा? विंडोज कोरे टाका, हलके होईल. दुसरे, जुन्या पार्टिशनची सुरुवात एसएसडीच्या ४ केबीच्या मापाला जुळत नसेल तर वेग घटतो.

सह्यकडा

एरवी मीही कोरे विंडोजच टाकायला सांगतो. इथे नाही. पेजमेकर ७ हे २००१ सालचे सॉफ्टवेअर. त्याची सीडी, मराठी सॉफ्टवेअरची सीडी, डोंगलचा ड्रायव्हर, कीबोर्ड लेआउटच्या त्यांनी वर्षानुवर्षे बसवलेल्या सोयी, फॉन्टचे नेमके तेच व्हर्जन, यातले एक जरी मिळाले नाही तर हंगामाच्या तोंडावर छापखाना बंद. चालू असलेली व्यवस्था जशी आहे तशी उचलून नेणे हेच त्यांच्या हिताचे. ती एसएसडीवर नीट चालायला लागली की दिवाळीनंतर सवडीने कोरे विंडोज टाकून बघता येईल, तेही वेगळ्या डिस्कवर.

पार्टिशनची शंका योग्य आहे, पण ती एक्सपीच्या काळातली. विंडोज ७ च्या इन्स्टॉलरने पार्टिशन केले असेल तर ते २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ एमबीवर सुरू होते आणि ४ केबीला जुळते. खिळेजुळारी, 'एमएसइन्फो३२' उघडा, कम्पोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स. 'स्टार्टिंग ऑफसेट'पुढचा आकडा ४०९६ ने नि:शेष भागला गेला की झाले.

रानजाई

मध्येच विचारते, माफ करा. मी घरी शिकवण्या घेते. मुलांसाठी एक जुना डेस्कटॉप आहे, आय५-३४७०, ४ जीबी रॅम, एक खाच रिकामी, विंडोज १०. नवी एसएसडी बसवायची आहे पण एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) साटाची पॉवर वायर शिल्लक नाही, जुन्या पद्धतीची चार पिनांची पांढरी वायर आहे. दुकानात त्याचा जोड मिळतो. लावू ना? आणि एसएसडी बसवायला कॅबिनेटमध्ये तेवढी लहान जागाच नाही.

सोल्डरगन

ताई, जोड लावा, पण बघून. त्यात दोन प्रकार येतात. एकात साटाचे टोक अखंड ओतीव प्लॅस्टिकचे असते, तारा सरळ आत गेलेल्या. यात आतल्या तारा जवळ येऊन जळाल्याची उदाहरणे भरपूर आहेत. दुसऱ्यात टोकाच्या मागे झाकण असते आणि प्रत्येक तार आपापल्या खाचेत दाबून बसवलेली स्पष्ट दिसते. हा दुसरा घ्या. एसएसडीला वीज फार थोडी लागते, त्यामुळे एसएमपीएसवर बोजा पडणार नाही.

जागेचे म्हणाल तर एसएसडीत फिरणारे काहीच नसते. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंचाच्या जागेत बसवायची पट्टी मिळते. नाही मिळाली तर दुहेरी चिकटपट्टीने कॅबिनेटच्या सपाट भागावर चिकटवली तरी चालते. पंख्याच्या पात्यात वायर जाणार नाही एवढे बघा.

तुमच्या प्रोसेसरला १६०० ची डीडीआर३ चालते. आधीची १३३३ ची असेल तर दोन्ही १३३३ ने चालतील, त्याने काही बिघडत नाही.

खिळेजुळारी

मंडळी, पहिला संगणक उभा राहिला. कुणाच्या कामी येईल म्हणून तपशिलात लिहितो.

भाच्याला शेजारी बसवून सिस्टिमरेस्क्यूवरून बूट केले. दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक पुठ्ठ्यावर मार्करने लिहून कीबोर्डपुढे ठेवले होते. डीडीरेस्क्यू लावल्यावर पहिला मोठा भाग सुरळीत गेला, आकडा सरासर पळत होता. मग तीन ठिकाणी अडले. पडद्यावर वाचायचे राहिलेले म्हणून १२,२८८ बाइट दिसत होते. भाचा म्हणाला, २४ गुणिले ५१२ करा. बरोबर तेवढेच! क्रिस्टलडिस्कइन्फोने सांगितलेले २४ सेक्टर ते हेच. डिस्क आतून ४ केबीच्या ठोकळ्यांनी लिहीत असल्याने ते तीन ठोकळे होत, असेही त्याने समजावले. पुन्हा पुन्हा वाचायला लावल्यावर एक ठोकळा निघाला, ८,१९२ बाइट राहिले.

नंतर जुनी डिस्क काढून ठेवली, नकलेवरच्या फाइल्स तपासल्या. २०१६ सालची एका लग्नपत्रिकेची कोरल फाइल आणि विंडोजची एक लॉग फाइल, एवढेच खराब निघाले. अहवाल सगळे शाबूत. मग त्या नकलेवरून क्लोनझिलाने ५१२ जीबीच्या एसएसडीवर क्लोन.

ऑफसेट तपासला होता, १०,४८,५७६ आला. भागला जातो.

पहिल्यांदा सुरू केले तेव्हा छातीत धडधडत होते. आता बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला पाऊण मिनिटसुद्धा लागत नाही. पेजमेकर उघडताना फॉन्टची यादी लोड होताना आम्ही चहा टाकायचो, ती आता डोळ्यांदेखत येते. ७२ पानांचा अहवाल सेव्ह केला, ट्रेसिंगवर प्रिंट दिली, खिडकी एकदाही पांढरी झाली नाही. डोंगल जसेच्या तसे चालते आहे. वडिलांनी खिळे जुळवून चालवलेला छापखाना आहे हो हा. त्या यंत्रातले काम वाचले याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शंका. बायोसमध्ये साटाचा मोड 'आयडीई' (जुनी पद्धत) दिसतो. एएचसीआय (नवी पद्धत) करू का? आणि दुसऱ्या संगणकाच्या रॅमला काय काळजी घेऊ?

सह्यकडा

फारच छान बातमी! ते ८,१९२ बाइट लग्नपत्रिकेवर निभावले, यापेक्षा चांगले काय हवे.

एएचसीआय करा, पण बायोसला हात लावायच्या आधी विंडोजला तयार करा. नाहीतर ७बी क्रमांकाचा निळा पडदा येतो. रजिस्ट्रीत लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, तिथे 'एमएसएएचसीआय'. त्यात 'स्टार्ट'ची किंमत ३ असेल, ती ० करा. बंद करा, मग बायोसमध्ये मोड बदला. तरी निळा पडदा आलाच तर घाबरू नका, मोड परत आयडीई करा, सगळे पूर्ववत होते.

विंडोज ७ ला ट्रिम (मोकळ्या झालेल्या जागा एसएसडीला कळवण्याची सोय) कळते. पण क्लोन केलेल्या विंडोजला डिस्क बदलल्याचे आपोआप उमगेलच असे नाही. डीफ्रॅगचे वेळापत्रक स्वतः बंद करा. आणि बोर्डवरचा सीआर२०३२ सेल लगेच बदलून घ्या. तो गेला की बायोसमधली पॅरलल पोर्टची सेटिंगे आणि तारीख जाते, आणि ऐन हंगामात 'डोंगल सापडत नाही' म्हणून शोधाशोध होते.

या संगणकाची इंटरनेटची वायर काढून ठेवा. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. मजकूर दुसऱ्या संगणकावर उतरवा, तिथे पेनड्राइव्ह तपासा, मग इकडे आणा.

सोल्डरगन

रॅमचे मी सांगतो. मेन स्विच बंद, वायर काढा, मग पॉवरचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, रबराचे कण झटका. नवी स्टिक दोन्ही बाजूंनी सारखी दाबा, टोकाचे खटके आपणहून 'टक' करून बसले पाहिजेत. सुरू केल्यावर लागोपाठ बीप आले तर बहुतेक वेळा ती नीट बसलेली नसते, काढून पुन्हा बसवा.

४ च्या जोडीला ८ टाकली तर १२ जीबीपैकी ४ अधिक ४ जोडीने चालतात, उरलेले ४ एकेरी. काही अडत नाही. पण भाव सारखाच पडत असेल तर एकसारख्या ८-८ च्या दोन घ्या.

यालाही एसएसडी टाका, रॅमइतकीच गरज आहे. एच८१ वर ६ गिगाबिटच्या दोन साटा जागा असतात, बहुतेक बोर्डांवर वेगळ्या रंगाच्या. एसएसडी तिथे लावा, हार्ड डिस्क दुसऱ्या जागेवर.

बाभूळवन

या दुसऱ्या संगणकाच्या विंडोज १० चे लक्षात ठेवा. घरगुती वापरकर्त्यांसाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. त्यानंतर जीएसटीची आणि बँकेची कामे त्यावर नकोत. एसएसडीचा थोडा भाग मोकळा ठेवून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून बघा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि ८ जीबीत ते ऐसपैस चालते. ब्राउझर, पीडीएफ, ई-मेल एवढेच काम असेल तर मुलाला दोन दिवसांत सवय होईल. डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल तर ते लिनक्सवर चालते का ते आधी तपासा.

खिळेजुळारी

टोकन वापरतो, बरी आठवण केलीत. एएचसीआय झाले, निळा पडदा आला नाही. सेल बदलला. इंटरनेटची वायर काढली.

जुन्या ५०० जीबीच्या डिस्कचे आणि १ टीबीवरच्या नकलेचे काय करू? एसएसडीवर सगळे आहेच, म्हणून १ टीबी रिकामी करून वापरावी असे मुलगा म्हणतो.

सह्यकडा

नको. १ टीबीवरची नक्कल तशीच ठेवा, तोच तुमचा बॅकअप. हार्ड डिस्क जाताना बहुधा आधी कुरकुरते, तुम्हाला पिवळा इशारा मिळाला तसा. एसएसडी अनेकदा न सांगता जाते, सकाळी सुरू केली की बायोसला दिसतच नाही. अहवालांचा फोल्डर दर शनिवारी त्या १ टीबीवर घ्या आणि डिस्क छापखान्यात न ठेवता घरी न्या. उलट, जपून ठेवायचे काम एसएसडीवर भरून ती कपाटात टाकू नका. वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला मजकूर उडू शकतो, झिजलेल्या एसएसडीचा तर लवकर.

जुन्या ५०० ला आता कामाला लावू नका. हंगाम पार पडेपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, नंतर पूर्ण पुसून ई-कचऱ्यात द्या. संस्थांच्या सभासदांच्या याद्या आहेत त्यावर, तशीच भंगारवाल्याला देऊ नका.

रानजाई

सोल्डरगन, झाकणवाला जोड मिळाला, एसएसडी बसली. वापरलेली ४ जीबीची स्टिक पण मिळाली, १३३३ ची, लेबलवर १.५ व्होल्ट आहे. संगणक ८ जीबी दाखवतो. दुकानदार म्हणतो आठ दिवसांत काही वाटले तर बदलून देतो. अजून काही बघू का?

सोल्डरगन

१.५ बरोबर आहे ताई. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ प्लसचा पेनड्राइव्ह बनवा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एरर शून्य हवा. एक जरी लाल ओळ दिसली तरी दोन्ही स्टिक एकेक करून वेगळ्या तपासा, आणि जिच्यावर येईल ती त्या आठ दिवसांच्या आत परत करा.